सिंगल स्पीड (एकाच गिअरच्या) सायकलला घरीच क्रँकसेट (पेडलचे दांडे म्हणजे क्रँक, आणि पुढचं दातेरी चाक म्हणजे चेनरिंग) बसवायचा असेल तर

आधी एक बघून घ्या, जुन्या काळ्या सायकलींना कॉटर पिनवाला क्रँक असतो, तो ठोकून बसवायचा प्रकार, त्याचं काम वेगळं आहे. मी सांगतोय ते चौकोनी एक्सलवाल्याबद्दल.

जुना क्रँक काढताना बोल्ट आणि त्याखालचा वॉशर दोन्ही बाहेर काढा, पुलर (क्रँक ओढून काढायचं हत्यार) क्रँकच्या आट्यांमध्ये हाताने पूर्ण आत जाईपर्यंत फिरवा आणि मगच पाना लावा. पुलर अर्धवट बसला असेल तर जोर लावल्यावर ॲल्युमिनियमचे आटे सोलून बाहेर येतात, मग तो क्रँक काढायचा म्हणजे मोठं दुखणं.

नवीन घट्ट करायच्या आधी चेनलाईन, म्हणजे सायकलच्या मध्यरेषेपासून चेनचं अंतर, पुढे आणि मागे मोजाच, सिंगल स्पीडमध्ये सगळा खेळ हाच आहे, चेन तिरकी चालली की आवाज येतो, दात लवकर झिजतात, कधी चेनच उतरते. पुढे सीट ट्यूबच्या (सीटखालच्या फ्रेमच्या नळीच्या) मध्यापासून चेनरिंगच्या दातांपर्यंत मोजायचं. मागे चाकाच्या दोन ड्रॉपआउटमधलं (फ्रेमच्या ज्या खाचांत चाक बसतं त्यांच्यामधलं) अंतर समजा 120 मिमी आहे, त्याचं निम्मं 60, आणि उजव्या ड्रॉपआउटच्या आतल्या बाजूपासून फ्रीव्हीलच्या (मागच्या दातेरी चक्राच्या) दातांपर्यंत 18 भरलं तर चेनलाईन 42. पुढचा आकडा याच्या एकदोन मिमीच्या आत हवा, जास्त फरक असेल तर बीबी (बॉटम ब्रॅकेट, क्रँकचा एक्सल आणि बेअरिंग असलेला भाग) वेगळ्या लांबीच्या एक्सलची घ्या, वॉशर घालून जुगाड नको.

आता एक्सलचा चौकोन आणि क्रँकचं भोक फडक्याने स्वच्छ पुसा. तिथे ग्रीस लावायचं की नाही यावर लोक भांडतात, मी कोरडंच बसवतो, पण बोल्टच्या आट्यांना ग्रीस हवंच. डावा क्रँक उजव्याच्या बरोब्बर उलट दिशेला ठेवून 35 ते 40 न्यूटन मीटरपर्यंत आवळा, टॉर्क रेंच (किती जोराने आवळलं ते दाखवणारा पाना) नसेल तर लांब दांड्याचा पाना घ्या, छोट्या ॲलन कीने एवढा जोर लागत नाही आणि नेमकं तिथेच घरी केलेलं काम फसतं.

पेडल लावताना डाव्याचे आटे उलटे असतात हे विसरू नका, दोन्हीकडे पान्याचं वरचं टोक पुढच्या चाकाकडे ढकललं की पेडल आवळलं जातं.

मग मागचं चाक सरकवून चेन ताणा, क्रँक हळूहळू फिरवत जिथे चेन सगळ्यात घट्ट लागते तिथेच तपासा, मध्यभागी साधारण एक सेंमी वरखाली व्हायला हवी.

पहिल्या राईडनंतर बोल्ट एकदा तपासा. त्यानंतरही क्रँक डगडगत असेल तर तसाच चालवू नका, भोक गोलाटत जातं आणि मग कितीही आवळलं तरी तो क्रँक धरत नाही, नवीनच घ्यावा लागतो.