गच्चीवरच्या टाकीचा सेन्सर एका सेलवर वर्षानुवर्षं कसा चालवायचा

सोसायटीच्या गच्चीवरच्या टाकीची पातळी खाली ऑफिसात दिसावी म्हणून लोरा (कमी विजेत लांबवर संदेश पाठवणारा रेडिओ) सेन्सर बसवायचा, तर अडचण बॅटरीची येते. वर सॉकेट नसतो आणि दर दोन महिन्यांनी सेल बदलायला कोणी चढत नाही. मोठा सेल लावल्याने हे सुटत नाही. कधी जागायचं, कधी मोजायचं आणि कधी बोलायचं हे वेळापत्रक बसवलं की २६०० मिलिअँपिअर-अवरचा एक १८६५० सेल दोन-तीन वर्षं सहज पुरतो.

सामान: ३.३ व्होल्ट, ८ मेगाहर्ट्झचा आर्डुइनो प्रो मिनी बोर्ड, आरएफएम९५ हे लोरा रेडिओ मॉड्यूल, ३.३ व्होल्टवर चालणारा, ध्वनिलहरींनी अंतर मोजणारा जेएसएन-एसआर०४टी सेन्सर, एमसीपी१७०० रेग्युलेटर, सेन्सरची वीज तोडायला एओ३४०१ मॉसफेट (इलेक्ट्रॉनिक स्विच). भारतात परवाना न लागणारा पट्टा ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा, त्यामुळे पुण्याच्या तापकीर गल्लीत घ्या की ऑनलाइन, मॉड्यूल ८६८ चं आहे ना ते तपासा. ४३३ चं दिसायला हुबेहूब तसंच असतं. प्रो मिनीवरचा पॉवर एलईडी आणि मूळ रेग्युलेटर काढून टाका, नाहीतर बोर्ड झोपलं तरी करंट मिलिअँपिअरच्या खाली उतरत नाही. अँटेना म्हणून साडेआठ सेंटिमीटरची सरळ तार चालते. अँटेना न जोडता मॉड्यूल कधीही चालू करू नका.

आता हिशोब. १७ डीबीएम इतक्या प्रसारण-ताकदीवर रेडिओ सुमारे ८७ मिलिअँपिअर ओढतो. एसएफ म्हणजे स्प्रेडिंग फॅक्टर: तो जितका मोठा, तितका संदेश लांब पोचतो पण सावकाश जातो. १० बाइटचा संदेश एसएफ ७ वर ६२ मिलिसेकंदांत जातो, एसएफ १२ वर त्यालाच १४८३ मिलिसेकंद लागतात, म्हणजे चोवीसपट. दर १५ मिनिटांनी एक संदेश धरला, तर वर्षाला एसएफ १२ वर सुमारे १२५० मिलिअँपिअर-अवर जातात आणि एसएफ ७ वर फक्त ५२. पण एसएफ ७ वर आलात की खरा खर्च दुसरीकडेच निघतो. सेन्सर ३० मिलिअँपिअरवर अर्धा सेकंद चालला, तर एका मोजणीला १५ मिलिअँपिअर-सेकंद लागतात, संदेशाला जेमतेम साडेपाच. संदेश गेल्यावर एक आणि दोन सेकंदांनी उत्तरासाठी रेडिओ कान उघडतो. तेवढा वेळ प्रोसेसर नुसता जागा ठेवला तर आणखी सात-आठ जातात. म्हणून मोजणी झाल्याक्षणी मॉसफेटने सेन्सर बंद करा, आणि या दोन सेकंदांत प्रोसेसर आयडल मोडमध्ये (हलक्या झोपेत) ठेवा. गाढ झोपेत मात्र घालू नका. वेळ मोजणारा टायमरच थांबतो आणि उत्तर हुकतं. गाढ झोप ‘पाठवून झालं’ हा इव्हेंट आल्यावरच.

वेळापत्रक असं लावा. दिवसा दर १५ मिनिटांनी मोजा, रात्री पातळी हलत नसेल तर तासाने. पाणी भरताना पृष्ठभाग हलतो, म्हणून पाच वाचनं घेऊन मधलं धरा. मागच्या पाठवलेल्या आकड्यापेक्षा ५ सेंटिमीटरहून जास्त फरक पडला तरच संदेश, नाहीतर सहा तासांतून एकदा ‘जिवंत आहे’ एवढंच. पातळी धोक्याच्या रेषेखाली गेली तर मात्र लगेच. देखभालीसाठी गुरुवारी पाणी बंद आणि शुक्रवारी उशिरा, कमी दाबाने, हे पुण्यात नेहमीचं. त्या दिवशी हा एक संदेश टँकर वेळेत मागवायला उपयोगी पडतो. अनेक विंग असतील तर पंप सुरू होताच सगळे सेन्सर एकदम बोलतात, म्हणून पाठवण्याआधी ० ते ३० सेकंदांचा यादृच्छिक उशीर ठेवा. आणि मजकूर पाठवू नका: चार बाइट एसएफ ७ वर ५१ मिलिसेकंदांत जातात, चाळीस अक्षरांना १०३ लागतात.

एसएफ आपोआप उतरावा म्हणून एडीआर (सर्व्हरने सिग्नल पाहून एसएफ ठरवण्याची सोय) चालू ठेवा. टाकी जागची हलत नाही, त्यामुळे ते इथे चपखल बसतं. सर्व्हर साधारण शेवटच्या वीसेक संदेशांवरून निर्णय घेतो, म्हणून पहिल्या दिवशी दर १० मिनिटांनी पाठवा.

बॅटरी अपेक्षेपेक्षा लवकर संपत असेल तर त्याचं एक मूळ इथे असू शकतं. प्रो मिनीवर क्रिस्टलऐवजी सिरॅमिक रेझोनेटर असतो, त्याची वेळ अर्धा टक्क्यापर्यंत चुकू शकते. सर्व्हरचं उत्तर आलेलं असतं, पण नोडचा (म्हणजे गच्चीवरच्या या बोर्डाचा) कान चुकीच्या क्षणी उघडतो. काहीच ऐकू येत नाही म्हटल्यावर नोड संपर्क तुटला असं समजतो आणि एक-एक पायरी चढत एसएफ १२ वर जाऊन बसतो. बोर्डावर लोराचं काम बघणाऱ्या एलएमआयसी लायब्ररीत घड्याळाची चूक १ टक्का धरा. लायब्ररी आपणहून ०.४ च्या वर जाऊ देत नाही, त्यासाठी कॉन्फिग फाइलमधला वेगळा पर्याय चालू करावा लागतो.

‘पोच हवी’ प्रकारचे संदेश टाळा. वीज गेली आणि गेटवे (संदेश पकडून सर्व्हरला देणारं यंत्र) बंद पडला, की पोच न मिळाल्याने नोड तोच संदेश आठ वेळांपर्यंत पाठवतो, तोही दर थोड्या वेळाने एसएफ वाढवत. गेटवेला इन्व्हर्टरवर घ्या. सेशनच्या किल्ल्या (नेटवर्कला जॉइन होताना ठरलेले गुप्त आकडे) आणि फ्रेम काउंटर (संदेशांचा अनुक्रमांक) ईईप्रॉममध्ये (वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत) जपा, म्हणजे रीसेट झाल्यावर पुन्हा जॉइन करावं लागणार नाही.

बसवण्याआधी झोपेतला करंट मोजा. मल्टिमीटर मायक्रोअँपिअर रेंजवर मालिकेत लावून त्याची टोकं तारेने जोडून ठेवा, बोर्ड झोपलं की तार काढा. नाहीतर जागं होताना मीटरवरच व्होल्टेज पडून बोर्ड रीसेट होत राहतं. रेग्युलेटर धरून १० मायक्रोअँपिअरच्या आसपास आकडा हवा. वर बसवताना सेन्सर भरलेल्या पाण्याच्या पातळीपासून किमान २५ सेंटिमीटर उंच ठेवा, त्याहून जवळचं त्याला दिसत नाही.