तंबूत झोप लागत नाही? अंथरुणाच्या या चुका टाळा

डिसेंबरात हरिश्चंद्रगडावर मुक्कामाला जाताना जाड स्लीपिंग बॅग, कानटोपी, दोन स्वेटर असं सगळं सॅकमध्ये जातं. आणि अंगाखाली घालायला? एक पातळ चटई. मग पहाटे पाठ गार पडते, कंबर धरते आणि पुढच्या ट्रेकसाठी आणखी जाड बॅग घेतली जाते. माझ्या मते पैसे नेमके इथेच चुकीच्या जागी जातात.

स्लीपिंग बॅगची ऊब तिच्या फुगीर भरणात अडकलेल्या हवेमुळे असते. आपल्या वजनाने खालचा भाग चेपला की ती हवा निघून जाते आणि जमीन थेट अंगातली उष्णता ओढू लागते. बॅग कितीही जाड असली तरी पाठीखाली ती पातळच होते. हा गारठा अडवायचं काम मॅटचं. चांगल्या मॅटवर 'आर-व्हॅल्यू' छापलेली असते. आकडा जितका मोठा तितकी ती जमिनीचा गारवा जास्त अडवते. साध्या फोमच्या कॅरीमॅटला दीड-दोनच्या आसपास मिळते, आणि सह्याद्रीतल्या बहुतेक रात्रींना तेवढी पुरते. हिमालयात बर्फावर झोपायचं असेल तर 4 ते 5 हवी. एकावर एक दोन मॅट घातल्या तर आकड्यांची बेरीज होते, म्हणून जुनी कॅरीमॅट टाकून देऊ नका.

तलावाकाठी गाडीने जाणारे हमखास डबल बेडची हवेची गादी नेतात. ती मऊ असते, पण आत नुसती हवा खेळत असल्याने थंडीत गारच लागते. शिवाय एकाने कूस बदलली की दुसरा उसळतो. दोघांसाठी दोन वेगळ्या मॅट घ्याव्यात. गादी घरात आहेच, तर तिच्यावर घोंगडी किंवा जाड रजई अंथरा. पांघरूण वाढवून उपयोग नाही. फोल्डिंगच्या खाटेचंही तेच: खालून वारा लागतो, त्यामुळे तिच्यावरही मॅट हवीच.

दुपारी उन्हात टम्म फुगवलेली गादी रात्री मऊ पडली की भोक पडलं असं वाटतं. खरं तर गारठ्याने आतली हवा आकसलेली असते. झोपायच्या आधी थोडी हवा भरा. किती? कुशीवर झोपून पाहा, खुबा जमिनीला टेकता कामा नये, पण गादी दगडासारखी कडकही नको. कुशीवर झोपणाऱ्यांना पातळ कॅरीमॅट सहसा मानवत नाही, त्यांनी सात-आठ सेंटिमीटर जाडीची फुगवायची मॅट घ्यावी.

तंबू लावण्याआधी त्या जागेवर आडवं होऊन बघा. उभ्याने न दिसलेला उतार लगेच कळतो. थोडा उतार असलाच तर डोकं वरच्या बाजूला. खोलगट जागा टाळा, तिथे गार हवा साचते.

खडे आणि करवंदीचे काटे हाताने वेचून काढा. तरीही गादी रात्रभरात पार बसलीच, तर आधी झडपेचं बूच घट्ट आहे का ते पाहा. मग साबणाचं पाणी लावा, बुडबुडे येतील तिथे पेनाने खूण करा, जागा पूर्ण कोरडी करून ठिगळ चिकटवा आणि ते नीट वाळेपर्यंत हवा भरू नका.