अर्काचा रंग आधी वजा करा
अल्फा-ग्लुकोसिडेज (पिष्टमय पदार्थांतून ग्लुकोज सुटं करणारं एन्झाइम) किती रोखलं जातं, या चाचणीत वनस्पतीचा अर्क तपासताना पहिली फसवणूक करतो तो अर्काचाच रंग. आपण ४०५ नॅनोमीटरला एन्झाइमच्या क्रियेतून सुटणाऱ्या पॅरा-नायट्रोफेनॉलचा पिवळा रंग मोजतो आणि अर्कही बहुधा पिवळट-तपकिरीच! मग चांगला रोधकसुद्धा (एन्झाइमला अडवणारा पदार्थ) कुचकामी दिसतो. म्हणून अर्काच्या प्रत्येक तीव्रतेसाठी एन्झाइम न घातलेला वेगळा ब्लँक (ज्याचं मोजमाप वजा करायचं तो नमुना) ठेवा. त्यातही शेवटी अभिक्रिया थांबवणारं सोडियम कार्बोनेट घालाच, कारण पीएच वाढला की काही अर्कांचा रंग आणखी गडद होतो. सगळ्यांसाठी एकच ब्लँक म्हणजे निव्वळ आळस.

आणि हो, या चाचणीत बहुधा वापरल्या जाणाऱ्या यीस्टच्या एन्झाइमवर अकार्बोजचा (तुलनेसाठी घेतलं जाणारं मधुमेहाचं औषध) प्रभाव कमीच पडतो. ‘आमचा अर्क अकार्बोजपेक्षा सरस’ असं लिहिण्याआधी सस्तन प्राण्याच्या आतड्यातलं एन्झाइम वापरून पाहा.