कर्नल बदलला आणि नेटवर्क गेले : सर्व्हरच्या नेटवर्क कार्डाबाबत या चुका टाळा

विदर्भात तालुक्याच्या गावी जिनिंग, पतसंस्था किंवा महाविद्यालयात चालणारा सर्व्हर पुष्कळदा नागपूरहून आणलेला, वापरलेला असतो. त्यावर लिनक्सचा नवा कर्नल, म्हणजे कार्यप्रणालीचा गाभा, चढवला, यंत्र पुन्हा सुरू केले आणि नेटवर्क आले नाही, की ‘कार्ड जळाले’ असा निष्कर्ष लगेच निघतो. विजेच्या लपंडावात आणि पावसाळ्यातील कडकडाटात कार्डे खरोखरच जळत असल्याने तो कोणालाही पटतो. परंतु बिघाड कर्नल बदलल्यानंतरच दिसला असेल, तर नवे कार्ड मागवणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी देणे होय.

प्रथम यंत्रातील कार्डांची यादी दाखवणारा ‘एलएसपीसीआय’ हा आदेश ‘एनएनके’ या पर्यायासह चालवावा. यादीत कार्डच नसेल, तर स्लॉट, बायोस (यंत्र सुरू होतानाची मूळ मांडणी) किंवा खुद्द कार्ड तपासावे. कार्ड दिसते, पण त्याखाली वापरात असलेल्या ड्रायव्हरची, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रॅमची, ओळ नाही, अशा वेळी दोष सॉफ्टवेअरकडे शोधावा.

दुसरी चूक फर्मवेअर, म्हणजे खुद्द कार्डात चढवावा लागणारा प्रोग्रॅम, विसरण्याची आहे. डेल आर७१० या सर्व्हरमधील ब्रॉडकॉम कार्ड या यादीत १४ई४:१६३९ अशा क्रमांकाने दिसते. त्याचा ‘बीएनएक्स२’ ड्रायव्हर कर्नलमध्ये असला, तरी फर्मवेअरची फाइल वेगळी लागते आणि ती न मिळाल्याची तक्रार ‘डीमेसेज’मध्ये, म्हणजे कर्नलच्या संदेशांच्या नोंदीत, स्पष्ट लिहिलेली असते. डेबियन या लिनक्स वितरणाने २०२३ मधील १२ व्या आवृत्तीपासून अशा फाइलींसाठी स्वतंत्र विभाग केला, त्यामुळे ११ वरून १२ वर येताना स्रोतांच्या यादीत तो विभाग स्वतः जोडावा लागतो. नेटवर्कच नसताना फाइल उतरवायची कशी, याचे सोपे उत्तर म्हणजे मोबाइल यूएसबी केबलने जोडून टेदरिंग सुरू करणे, म्हणजे त्याचे इंटरनेट यंत्राला देणे.

सर्वांत फसवा प्रकार नाव बदलण्याचा. कार्ड ठणठणीत, ड्रायव्हर लागलेला, दिवाही लुकलुकतो आहे, तरी आयपी नाही. कर्नल ६.८ वर गेलेल्या अनेक सर्व्हरांत इंटेलच्या ‘आय४०ई’ ड्रायव्हरवरील कार्डांचे ‘ईएनओ१’ हे नाव ‘ईएनओ१एनपी०’ झाले, आणि मांडणीच्या फाइलीत मात्र जुनेच नाव राहिले. एका सर्व्हरवर अनेक आभासी यंत्रे चालवणाऱ्या प्रॉक्समॉक्समध्ये तर त्या यंत्रांना नेटवर्क देणारा ब्रिजच कार्डाशी जोडला जात नाही आणि त्यावरील सर्व आभासी यंत्रे एकदम तुटतात. दर वेळी फाइल दुरुस्त करीत बसण्यापेक्षा सिस्टमडीच्या (लिनक्समधील सेवा सुरू करणाऱ्या व्यवस्थेच्या) लिंक फाइलीत कार्डाचा मॅक पत्ता, म्हणजे त्याचा कायम क्रमांक, देऊन नाव आधीच पक्के करावे.

उत्पादकाच्या संकेतस्थळावरील ड्रायव्हर उतरवून बांधण्याची घाईही करू नये. कर्नलची अंतर्गत रचना बदलत असल्याने तो नव्या कर्नलवर अनेकदा बांधलाच जात नाही. बांधला गेला, तरी सिक्युअर बूट (सही असलेलेच सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) चालू असल्यास सहीविना नाकारला जातो. रेड हॅट या लिनक्स वितरणाच्या नव्या मुख्य आवृत्तीत काही जुन्या कार्डांचा आधार काढलेला असतो, तेव्हा आवृत्ती बदलण्यापूर्वीच तिची यादी वाचावी.

जुना कर्नल काढून टाकणे ही मात्र अक्षम्य चूक आहे, विशेषतः सर्व्हर धारणीला आणि तुम्ही अमरावतीत असाल तेव्हा. सुरू होताना कर्नल निवडणाऱ्या ग्रबच्या मांडणीत ‘सेव्ह्ड’ पर्याय ठेवून जुना कर्नलच ठरावीक राहू द्यावा आणि ‘ग्रब-रीबूट’ने नवा कर्नल केवळ एका वेळेपुरता निवडावा. नेटवर्क आले नाही, तर तिथल्या लिपिकाला फोन करून सांगावे, ‘भाऊ, बटण दाबून मशीन बंद करा आणि परत चालू करा.’ यंत्र जुन्या कर्नलवर उठते, कापसाच्या हंगामात काटापावत्या थांबत नाहीत, आणि कार्डाचा तपास रात्री काटा बंद झाल्यावर करता येतो.