लग्न इथे की तिथे, हे आधी ठरवा

मुलीचा साखरपुडा अमेरिकेतल्या मुलाशी झाला की आपल्याकडे पहिला फोन जातो मंगल कार्यालयाला. आम्हीही जळगावात आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमाराची तारीख धरून आगाऊ रक्कम भरून मोकळे झालो. मग कळलं, की ज्या व्हिसाचा अर्ज जावईबापूंनी केलाय त्यावर लग्न तिकडे पोचल्यावरच लावायचं असतं. पैसे बुडाले त्याचं एवढं नाही, पण पोरीचा उतरलेला चेहरा अजून डोळ्यांपुढे येतो.

म्हणून सुपारी फुटली की मुलाला आधी विचारा: नागरिकत्व आहे की ग्रीन कार्ड? विचारायला लाजू नका. के-१, म्हणजे वाग्दत्त वधूचा व्हिसा, फक्त अमेरिकी नागरिकालाच मागता येतो. लग्न गावातच, चार पाहुण्यांत लावायचं असेल तर के-१चा नाद सोडा. आधी लग्न नोंदवा आणि मुलाला पत्नीसाठी आय-१३०, म्हणजे जवळच्या नातेवाइकाला बोलावण्याचा अर्ज, भरायला सांगा. दोन्ही वाटांना वेळ लागतोच.

के-१च ठरला तर मुलगा तिकडून आय-१२९एफ, म्हणजे वाग्दत्त वधूसाठीचा अर्ज, भरतो. त्याआधीच्या २ वर्षांत दोघं प्रत्यक्ष भेटलेले हवेत; व्हिडिओ कॉलवरची भेट चालत नाही. तो बघायला आला तेव्हाचे बोर्डिंग पास, पासपोर्टवरच्या शिक्क्यांची झेरॉक्स, दोन्ही घरच्यांबरोबरचे फोटो एका पाकिटात ठेवा आणि फोटोमागे तारीख लिहा.

फोटोंवरून एक सांगते, हे फार महत्त्वाचं आहे. घरातली मोठी माणसं म्हणतात, "पोरगा आलाच आहे तर हळद लावून अक्षता टाकून घेऊ, कागदावर कुठे येतंय?" अजिबात ऐकू नका. के-१ला दोघं अविवाहित लागतात. फोटोत मंगळसूत्र किंवा सप्तपदी दिसली तर अधिकारी लग्न झालंय असंच धरू शकतो, आणि मग महिनोन्‌महिन्यांची मेहनत पाण्यात. साखरपुड्याला अंगठी, साडी, ओटी एवढंच ठेवा. सासूबाईंनी हौसेनं मंगळसूत्र आणलं असेल तर ते डबीतच राहू द्या.

जन्मदाखला आजच काढून बघा. आमच्या पोरीच्या दाखल्यावर आईबापाची नावं होती, पण बाळाच्या नावाचा रकाना कोरा! बारशाआधीच नोंद झाली की असं होतं. नगरपालिकेत अर्ज देऊन नाव चढवून घ्यावं लागलं. वडिलांच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग दाखल्यावर, पासपोर्टवर आणि दहावीच्या मार्कशीटवर अक्षर न्‌ अक्षर ताडून बघा. पोलीस क्लिअरन्स पासपोर्ट सेवेच्या पोर्टलवरून मागवायचा. मुलाकडून आय-१३४, म्हणजे खर्चाची हमी देणारा फॉर्म, आणि त्याच्या टॅक्सचे कागद लागतात.

मुंबईच्या फेऱ्या धरून चाला: मेडिकल, बोटांचे ठसे, मुलाखत. मुलाखतीला आदल्या दिवशीच पोचा, रात्रीच्या गाडीनं सकाळी उतरून थेट जायचं धाडस नको. लहानपणीचं लसीचं कार्ड सापडलं तर मेडिकलला सोबत न्या.

आता उशिराचं. मुलाचा मंजूर झालेला आय-१२९एफ अर्ज ४ महिने चालतो. मुदत सरत आली तर घाबरू नका, वकिलात ती वाढवून देऊ शकते. मुलाखतीनंतर २२१(जी)ची चिठ्ठी मिळाली तर तो कायमचा नकार नसतो. कागद कमी आहे किंवा तपास बाकी आहे, एवढाच त्याचा अर्थ. मागितलेला कागद लगेच द्या आणि पावती जपा. तोवर तिकीट काढू नका, नोकरीचा राजीनामा तर मुळीच नाही. कंटाळून कुणी सुचवेल, "टुरिस्ट व्हिसावर जाऊन लग्न उरकून टाका." असा हेतू लपवून गेल्याचं ठरलं तर अमेरिकेची दारं कायमची बंद होऊ शकतात.

व्हिसा आला की तो जास्तीत जास्त ६ महिने आणि एकाच प्रवेशासाठी असतो. पोचल्यापासून ९० दिवसांत त्याच मुलाशी लग्न लागलं पाहिजे. वकिलातीनं सीलबंद पाकीट दिलं तर ते न फोडता हातातल्या बॅगेत ठेवायचं.

एक गोष्ट आजीला आत्ताच समजावून ठेवा. लग्नानंतर ग्रीन कार्डाचा अर्ज टाकल्यावर प्रवासाची परवानगी हाती नसताना पोरगी देशाबाहेर पडली, तर तो अर्ज सोडून दिल्यासारखा धरतात. पहिल्या आखाजीला लेक माहेरी येईलच असं नाही. आम्ही त्या दिवशी अंगणात झोका बांधला आणि तिला फोनवर दाखवला.