पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) रिहॅब, म्हणजे पुनर्वसन, सुरू करायचंय? शिबिर नको, रोजच्या ओपीडीत बसवा

मुळशी, भोर, वेल्हे या बाजूच्या वाडीवर कुणाला लकवा मारला की पुढचं सगळं ठरलेलं असतं. पेशंटला गाडी करून शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलला नेतात, जीव वाचतो, आठ-दहा दिवसांनी घरी आणतात आणि डिस्चार्ज कागदावर शेवटच्या ओळीत लिहिलेलं असतं की फिजिओथेरपी चालू ठेवा. ती द्यायची कोणी, कुठे, हे कुणीच सांगत नाही. तीन महिन्यांनी बघावं तर कोपर आखडलेलं, खांदा दुखतोय म्हणून हात लावू देत नाहीत, कमरेला जखम. यातलं बरंचसं टाळता आलं असतं आणि ते टाळणारी माणसं त्याच गावात होती, आशाताई, सिस्टर, उपकेंद्राचे सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी). फक्त हे त्यांचं काम आहे असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं आणि शिकवलंही नव्हतं.

खरं तर हे काही नवीन नाहीये. १९७८ च्या आल्मा-आटा जाहीरनाम्यात प्राथमिक आरोग्य सेवेत आरोग्यवर्धन, प्रतिबंध, उपचार आणि पुनर्वसन अशा चारही गोष्टी होत्या, पहिल्या तीन आल्या, चौथी मागेच राहिली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये रिहॅबिलिटेशन २०३० सुरू केलं, मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य सभेत ठरावही झाला. आणि पुण्यात तर या विषयाची जाण जुनी आहे, वानवडीचं आर्टिफिशियल लिंब (कृत्रिम हातपाय) सेंटर १९४४ पासून आहे, खडकीत कमरेखाली लुळ्या झालेल्या सैनिकांसाठी पॅराप्लेजिक सेंटर आहे. पण वानवडीतलं ज्ञान आपसूक वेल्ह्याला पोचत नाही, ते पोचवायची वाट पीएचसीतूनच जाते. म्हणून हे लिहितोय, एमओ (वैद्यकीय अधिकारी), सीएचओ, आशा गटप्रवर्तक आणि आरोग्य संस्थांमध्ये काम करणाऱ्या सगळ्यांसाठी.

सगळ्यात आधी शिबिराचा विचार बाजूला ठेवा. शिबिरात एकाच मापाच्या व्हीलचेअर वाटल्या जातात, त्या घराच्या उंबऱ्यावरून आत जात नाहीत आणि चाक निखळलं की दुरुस्त करायला कोणी नसतं. आधी माणसं शोधा, मग त्यांना काय लागतंय ते बघा.

शोधायचं कसं, तर प्रश्न बदलून. "घरात कोणी अपंग आहे का?" असं दारात उभं राहून विचारलं की उत्तर बहुतेक वेळा "नाही" येतं, कारण म्हातारपणी दिसत नाही, ऐकू येत नाही याला कुणी अपंगत्व म्हणत नाही आणि मुलाबद्दल सांगायला आईला धीर होत नाही. त्याऐवजी वॉशिंग्टन ग्रुप या अपंगत्वाच्या आकडेवारीवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाचे सहा प्रश्न वापरा, जगभर वापरतात आणि अगदी घरगुती भाषेत विचारता येतात. चष्मा लावूनही दिसायला त्रास होतो का? मशीन लावूनही ऐकायला? चालायला किंवा पायऱ्या चढायला? आठवायला, एखाद्या गोष्टीत लक्ष द्यायला? अंघोळ, कपडे हे स्वतःचं स्वतः करायला? आणि आपलं म्हणणं दुसऱ्याला सांगायला किंवा दुसऱ्याचं समजायला? उत्तरं चारच: त्रास नाही, थोडा त्रास, खूप त्रास, जमतच नाही. शेवटच्या दोनपैकी एक उत्तर एका जरी प्रश्नाला आलं तरी नाव यादीत घ्या. आशाताई तीस वर्षांवरच्या लोकांचा सीबॅक फॉर्म (बीपी-शुगरसारख्या आजारांचा धोका तपासणारा) भरतातच, त्यात अंथरुणाला खिळलेले, मदत लागणारे अशी नोंदही आहे, त्याच भेटीत हे सहा प्रश्न विचारून होतात, वेगळा सर्व्हे काढायची गरज नाही. एकच सांगतो, प्रश्न त्या माणसालाच विचारा. आजी समोर खाटेवर बसलेल्या असताना सुनेला विचारायचं नाही.

प्रश्नाने किती फरक पडतो बघा. २०११ च्या जनगणनेत देशात अपंग व्यक्ती २.२१ टक्के आल्या आणि जागतिक आरोग्य संघटना म्हणते की जगात सहातल्या एकाला लक्षणीय अपंगत्व आहे, म्हणजे १६ टक्के. पाच हजार लोकसंख्येच्या उपकेंद्राला पहिल्या हिशोबाने ११० माणसं आणि दुसऱ्या हिशोबाने ८००. दोन्हीकडे व्याख्या वेगळी आहे, जगाचा आकडा तुमच्या गावाला तसाच्या तसा लागू होणार नाही हे मान्य, पण रजिस्टरला पंधरा-वीसच नावं असतील तर बाकीची माणसं घरात बसून आहेत एवढं नक्की समजा.

पाच वर्षांखालच्या मुलांना हे प्रश्न लागू नाहीत. तिथे बाळंतपणानंतरच्या गृहभेटी, अंगणवाडी आणि आरबीएसकेची (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची) टीम यांच्यावर भिस्त आहे. २०१३ मध्ये पालघरला सुरू झालेला हा कार्यक्रम जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे. इथे वेळ हातातून घालवू नका. पाऊल आत वळलेलं बाळ दिसलं तर "मोठं झालं की सरळ होईल" असं कुणी म्हणत असेल तरी ऐकू नका, पोन्सेटी पद्धतीचं (पाऊल हळूहळू सरळ करत नेणारं) प्लास्टर पहिल्या काही आठवड्यांतच सुरू केलेलं चांगलं. ऐकण्याचंही तसंच, एका महिन्यात तपासणी, तीन महिन्यांत निदान, सहा महिन्यांत उपचार सुरू, असा हिशोब धरून चाला.

आता मुख्य काम, घरी जाऊन काय करायचं. इथे फिजिओथेरपिस्ट नाही म्हणून थांबायचं नाही, कारण सुरुवातीच्या बऱ्याच गोष्टी कुणालाही शिकवता येतात. लकव्याच्या पेशंटला उठवताना लुळ्या हाताला धरून ओढायचं नाही, खांदा त्यानेच बिघडतो. दुखतो म्हणून हलवत नाहीत आणि हलवत नाहीत म्हणून आखडतो. त्या हाताखाली उशी ठेवायची, पाठीला, खुब्याला आधार देऊन बसवायचं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलायची, आणि रोज एकदा माकडहाड, खुबे, टाचा उजेडात नीट बघायच्या, लाल डाग दाबूनही जात नसेल तर तिथून भार काढायचा, तो दिसूनही सोडून दिला तर पुढे महिनोन्महिने ड्रेसिंग करत बसावं लागतं. भरवताना आडवं ठेवायचं नाही, बसवूनच, छोटे घास, आणि पाणी पिताना ठसका लागत असेल तर लगेच डॉक्टरांना सांगायचं. काठी द्यायची तर मापाची द्या, माणूस चपला घालून सरळ उभा, हात सैल सोडलेला, काठीची मूठ मनगटाच्या घडीशी आली पाहिजे आणि काठी चांगल्या बाजूच्या हातात. दुखऱ्या पायाच्या बाजूला काठी धरलेली माणसं रोज दिसतात आणि त्यांना सांगायला दोन मिनिटं लागतात. शुगरवाल्यांचे आणि कुष्ठरोग होऊन गेलेल्यांचे तळपाय दर भेटीला उघडून बघा, बधिर पायांना एमसीआर (मऊ रबरी तळाची) चप्पल मिळते, ती मागवा.

आणि व्यायाम लिहून देण्याआधी विचारा, "मावशी, परत काय करता आलं तर बरं वाटेल?" कुणी म्हणेल एकटीला संडासला जायचंय, कुणी म्हणेल ओट्यावर जाऊन बसायचंय. तेच रजिस्टरला लिहा, तेच ध्येय. "गुडघा दहा वेळा वाकवा" हे चार दिवसांत सुटतं, ओट्यापर्यंत जायचं म्हटलं की माणूस स्वतःहून उठायला बघतो, घरचेही धरायला येतात. त्याच भेटीत सांभाळणाऱ्या बाईचंही बीपी बघा, तिची कंबर, तिची झोप विचारा, ती आजारी पडली तर घरात दोघंही अडकतात.

फिजिओसाठी महिन्याचे ठराविक दिवस बांधून घ्या. ग्रामीण रुग्णालयात किंवा जिल्हा रुग्णालयात कोणी असेल त्यांच्याशी बोला, नाहीतर पुणे परिसरात फिजिओथेरपीची कॉलेजं भरपूर आहेत, त्यांच्या विद्यार्थ्यांनाही गावात यायला हवंच असतं. तो दिवस बीपी-शुगरच्या ओपीडीला जोडून ठेवा, म्हणजे माणसाला दोनदा एसटीने यावं लागत नाही. मधल्या वेळात ई-संजीवनीवर (सरकारच्या ऑनलाइन डॉक्टर सेवेवर) बोलणं होऊ शकतं.

दुसरी बाजू म्हणजे आपली इमारत. एक फूट उंच पायरीला बारा फूट लांब रॅम्प लागतो, एकास बारा, दीड फुटाला अठरा. ठेकेदार चार फुटांत उरकतो, त्यावरून व्हीलचेअर ढकलता येत नाही आणि उतरताना माणूस तोंडावर पडतो. बिल काढायच्या आधी टेप लावून मोजा. दोन्ही बाजूंना कठडे, दार नव्वद सेंटिमीटर, एक संडास आत वळायला जागा असलेला आणि रॅम्पसमोर मोटारसायकली लावायच्या नाहीत. पैशासाठी रुग्ण कल्याण समिती आहे, उपकेंद्राला जन आरोग्य समिती आहे, शिवाय ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात, ग्रामपंचायतीत त्याचा हिशोब मागा. शहरात प्रश्न वेगळा, पर्वतीच्या जनता वसाहतीसारख्या चढावरच्या वस्तीत दवाखान्याचा रॅम्प कितीही चांगला असला तरी माणूस गल्लीच्या पायऱ्या उतरून येणार कसा, तिथे घरीच जावं लागतं.

रिहॅब म्हणजेच समावेश असं मात्र नाही. व्हीलचेअरवरच्या बाईलाही शुगर असते, तिलाही दिवस जातात, तिचंही वजन करायचं असतं. अपंग व्यक्तीला मधुमेह, लकवा, नैराश्य यांचा धोका जास्त असतो, काही जण तर वीस वर्षांपर्यंत लवकर जातात असं जागतिक आरोग्य संघटनेचा अहवाल सांगतो. त्यामुळे नेहमीच्याच एएनसी (गरोदरपणाच्या) क्लिनिकला, त्याच एनसीडी (बीपी, शुगर अशा असंसर्गजन्य आजारांच्या) तपासणीला त्यांना बोलवा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या कलम २५ नुसार तपासणीत त्यांना प्राधान्य द्यायचंय, तेवढं पाटीवर लिहून केसपेपरच्या खिडकीशी लावा. ऐकू न येणाऱ्या माणसाशी मास्क खाली करून, समोर बघून, सावकाश बोला, जवळ वही ठेवा, गोळ्या कशा घ्यायच्या त्याचं चित्र काढून द्या.

कागदपत्रांत अडकू नका, पण टाळूही नका. युडीआयडी कार्डाचा (दिव्यांग ओळखपत्राचा) अर्ज स्वावलंबन पोर्टलवर होतो, कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत, बऱ्याच सवलतींना ४० टक्के अपंगत्व लागतं. पीएचसीतल्या एकाने हे फॉर्म भरून द्यायची जबाबदारी घ्यावी आणि मेडिकल बोर्ड (अपंगत्वाची टक्केवारी ठरवणारे डॉक्टर) बसतं त्या दिवशी चार-पाच जणांना एका गाडीने न्यावं. ज्येष्ठांना चष्मा, काठी, श्रवणयंत्रासाठी मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ३००० रुपये मिळतात, वय ६५ पूर्ण लागतं. उपचाराला मात्र कार्ड लागत नाही, कार्ड नाही म्हणून घरभेट थांबवायची नाही.

आशाताईंचं ट्रेनिंग स्लाइड दाखवून होत नाही. एकीला खाटेवर झोपवा, बाकीच्यांनी तिला कुशीवर वळवा, बसवा, उभं करा, प्रत्येकीच्या हाताने झालं पाहिजे. आणि स्पष्ट सांगतो, या घरभेटींचा मोबदला ठरवल्याशिवाय हे काम त्यांच्या डोक्यावर टाकू नका, आधीच किती रजिस्टर आहेत ते आपण सगळे बघतो. तालुक्याच्या बैठकीत हा मुद्दा लेखी मांडा. तिथेच दर महिन्याला तीन आकडे विचारायला सुरुवात करा: नवीन किती जण सापडले, किती जणांच्या घरी दुसऱ्यांदा गेलो, आणि कितींनी ठरवलेलं ध्येय गाठलं. वाटलेल्या काठ्यांचा आकडा यादीत या तिन्हींच्या खाली आला तरी चालेल. जन आरोग्य समितीत गावातल्या एका तरी दिव्यांग व्यक्तीला सदस्य म्हणून घ्या, रॅम्प कुठून काढायचा हे ती तुमच्या-आमच्यापेक्षा नीट दाखवेल. एकदम सगळ्या उपकेंद्रांत नको, जिथली सीएचओ तयार आहे असं एक निवडा आणि पुढच्या गृहभेटीपासून ते सहा प्रश्न विचारायला लागा.