मुलींना घेऊन सौंदर्यस्पर्धा बघायची असेल तर

मी शाळेत खेळ शिकवते, मुलींना. ‘मिस युनिव्हर्स’ घरात लावायचंच नाही, असं बरेच पालक मला सांगतात. मला ते पटत नाही. मुली मोबाइलवर बघतातच, आणि एकट्या बघतात. त्यापेक्षा शेजारी बसावं.

13 डिसेंबर 2021ला पहाटे साडेपाचला मी भाचीला उठवलं. स्पर्धा इस्रायलमधल्या एलातला होती आणि भारताची हरनाझ संधू शेवटच्या टप्प्यात जाईल असं भाचीला वाटत होतं. आम्ही दोघी गोधडीत, हातात चहा. तेवढ्यात घरातलं एक मोठं माणूस मागून म्हणालं, “हिचे दंड बघ केवढे.” बोलणं पडद्यावरच्या मुलीबद्दल होतं. पण माझी भाची गोळाफेक करते. तिने गुपचूप स्वेटरच्या बाह्या मनगटापर्यंत ओढल्या. त्या दिवसापासून आमच्याकडे पहिला नियम हा: टीव्हीपुढे बसलेल्या कुणीही रंग, नाक, दंड, कंबर यावर बोलायचं नाही. कौतुकानेसुद्धा नाही. “किती गोरी आहे गं” हे वाक्य सावळ्या मुलीला बरोबर ऐकू येतं.

दुसरं, एक वही घ्या. गुण द्यायचे नाहीत. ज्या स्पर्धक शेवटपर्यंत जातील त्यांना विचारलेला प्रश्न आणि त्यांनी दिलेलं उत्तर, एवढंच लिहायचं. दुसऱ्या दिवशी ती फेरी मोबाइलवर परत लावा. प्रश्न संपला की थांबवा, तीस सेकंद लावा आणि मुलीला उत्तर द्यायला सांगा. उभं राहून, मोठ्याने. तीस सेकंद किती कमी असतात हे तेव्हा कळतं, आणि पडद्यावरच्या मुलीकडे बघायची नजरच बदलते. वर्गात उत्तर येत असूनही हात वर न करणाऱ्या मुलींकडून मी हे मुद्दाम करून घेते.

सुरुवात मधू सप्रेपासून करा. आपली मराठी मुलगी, मैदानावरून आलेली खेळाडू. 1992ला बँकॉकमध्ये ती मिस युनिव्हर्सच्या शेवटच्या तिघींत होती. देशाची सूत्रं हाती आली तर सगळ्यात आधी काय करशील, असं तिला विचारलं. ती म्हणाली, खेळाचं मैदान बांधीन. ती तिसरी आली, आणि या उत्तराने मुकुट घालवला असं लोक आजही म्हणतात. माझ्या मते ते उत्तर खरं होतं. जी मुलगी मैदानावर वाढली तिला मैदानच आठवणार. आमच्या शाळेचं अर्धं मैदान पार्किंगमध्ये गेलंय, मुली लांब उडीला रस्त्याकडेच्या वाळूच्या ढिगाऱ्यावर जातात. हाच प्रश्न मी नववीच्या मुलींना विचारला. एक उठून म्हणाली, “बाई, मी मुलींच्या संडासाला आतून कडी लावीन.” वर्ग गप्प झाला. परीक्षकांना हे उत्तर आवडलं नसतं कदाचित, पण ते तिचं स्वतःचं होतं. घोकलेलं उत्तर आणि स्वतःचं उत्तर यांतला फरक मुलींना ओळखता आला पाहिजे, म्हणून तर वही.

झगमगाट बघून मुली हरखतात, तेव्हा सुश्मिता सेनचा किस्सा सांगा. 1994च्या मिस इंडियाला तिने घातलेला गाऊन दिल्लीच्या सरोजिनी नगरातून आणलेल्या कापडाचा होता, साध्या शिंप्याने शिवलेला, आणि हातमोजे मोज्यांपासून केलेले. हे तिनेच नंतर सांगितलंय.

पोहण्याच्या कपड्यांची फेरी आली की चॅनेल बदलू नका. मुली विचारतील, कशासाठी? खरं सांगा. 1996ला मिस वर्ल्ड बंगळुरूत झाली तेव्हा मोठा विरोध झाला आणि ही फेरी सेशेल्सला हलवावी लागली. 2015पासून मिस वर्ल्डने ती बंदच केली. मिस युनिव्हर्समध्ये ती अजून आहे. पण तिथेही लग्न झालेल्या आणि आई असलेल्या बायकांना 2023पासून प्रवेश मिळाला, 2024ला वयाची वरची अटही गेली. हे नियम माणसांनी केलेत आणि माणसांनीच बदललेत, एवढं मुलींच्या लक्षात आलं तरी मला पुरे.

स्पर्धा संपली तरी वही मिटायची नाही. प्रत्येक नावापुढे दोन ओळी मोकळ्या सोडा आणि वर्षाने भरा. मुकुटानंतर ती काय करते हे बघितल्याशिवाय कुणालाही आदर्श म्हणू नये, असं माझं ठाम मत आहे. रीटा फारिया मूळच्या गोव्याच्या घरातली, मुंबईत डॉक्टरकी शिकणारी. 1966ला मिस वर्ल्ड झाली, हा मान मिळवणारी पहिली आशियाई स्त्री. वर्षभर ते काम केलं, मग सिनेमाकडे न वळता अभ्यासाला परतली आणि डॉक्टर झाली.

2021चा मुकुट हरनाझने जिंकला; तिच्या नावापुढच्या ओळी 2022ला भरल्या. वजन वाढलं म्हणून लोक तिला नको नको ते बोलले. आपल्याला सिलिअ‍ॅकचा आजार आहे, गहू चालत नाही, असं तिने उघडपणे सांगितलं. भाचीने ते वाचलं, लिहून ठेवलं आणि बाह्या दुमडून सरावाला गेली. यंदा तिने वहीत स्वतःहून आणखी एक रकाना आखलाय: प्रश्न कुणी विचारला?